संगणकासाठीं स्वस्त पण भरंवशाचा वीजपुरवठा

घर बांधावयास निघालेला मनुष्य दिवाणखान्याच्या रंगाची चर्चा महिनाभर करतो, आणि पाया किती खोल घ्यावा हें मात्र गवंड्यावर सोपवून मोकळा होतो. गेमिंग संगणक घ्यावयास निघालेल्या घरांतहि हल्लीं असाच प्रकार दिसतो. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतें, पडदा किती इंची, कांचेआडून दिवे कोणत्या रंगाचे लागणार, ह्यांवर बापलेकांत आणि मित्रामित्रांत रात्र रात्र वाद होतात. यादीच्या अगदीं शेवटीं एक ओळ उरते : एस्. एम्. पी. एस्. त्या ओळीसमोर कोणी नांव लिहीत नाहीं. "दुकानदार देईल तो," असें म्हणून ती ओळ ओलांडली जाते. आज मला त्या शेवटच्या ओळीविषयीं चार शब्द बोलावयाचे आहेत.

आरंभींच सांगतों कीं मी विजेच्या विद्येंतील पदवीधर नव्हे. आयुष्यभर शाळेंत गणित आणि शास्त्र शिकविलें, हल्लीं आमच्या आळींतलीं मुलें संगणकाची यादी घेऊन "सर, जरा हिशेब बघतां कां?" म्हणत येतात, त्या निमित्तानें ह्या विषयाचा अभ्यास घडला. ह्या खरेदीला लागणारें गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडचें नाहीं. तें ज्याला येतें त्याला फसविणें कठीण, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

प्रथम ही पेटी करते काय तें पाहूं. आपल्या भिंतीवरील प्लगांतून येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची, आणि सेकंदाला ५० वेळां मागेंपुढें आवर्तन करणारी असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र १२, ५ आणि ३.३ व्होल्ट इतक्या अल्प दाबाची व एकाच दिशेनें वाहणारी वीज लागते. हें रूपांतर ही पत्र्याची पेटी करते. आलेली वीज ती प्रथम एकदिश करून सुमारें ३२५ व्होल्टवर सांठविते. मग तिचे सेकंदाला हजारों बारीक तुकडे पाडते. ते तुकडे लहानशा ट्रान्स्फॉर्मरांतून नेऊन त्यांचा दाब उतरविते. आणि शेवटीं ते पुनः सांधून, गाळून, सपाट करून संगणकाला पुरविते. ह्या जलद उघडझांपीवरूनच तिला 'स्विच मोड पॉवर सप्लाय' हें नांव पडलें. आणि बाजारांत त्याचीं आद्याक्षरेंच रूढ झालीं.

ह्या पुरवठ्याला शिस्त असावी लागते. ए. टी. एक्स्. ह्या प्रचलित आराखड्याप्रमाणें १२ व्होल्टचा दाब पांच टक्क्यांहून अधिक ढळूं नये, म्हणजे ११.४ च्या खालीं अथवा १२.६ च्या वर जाऊं नये. शिवाय ह्या एकदिश विजेवर ज्या बारीक लहरी शिल्लक राहतात, त्या १२ व्होल्टच्या तारेवर १२० मिलिव्होल्टच्या आंत असाव्या. चांगली पेटी ह्या मर्यादांच्या पुष्कळ आंत राहते. वाईट पेटी संगणक रिकामा बसला असतां राहते, आणि खेळ ऐन रंगांत आला कीं मर्यादा सोडते.

पूर्वीं ह्या गोष्टीकडे दुर्लक्ष केलें तरी खपत असे, कारण संगणकाची भूकच लहान होती. १९८१ सालीं आय. बी. एम्. कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला, तेव्हां त्यांतील वीजपेटी अवघी ६३.५ वॉटची होती. ए. टी. एक्स्. आराखडा इंटेल कंपनीनें १९९५ सालीं पुढें आणला. आणि २०२२ सालीं निघालेल्या एन्व्हिडिया कंपनीच्या आर. टी. एक्स्. ४०९० ह्या एकट्या कार्डाची भूक ४५० वॉटची आहे! असलें कार्ड सामान्य घरांत येत नाहीं हें खरें. पण मध्यम किंमतीच्या संगणकाची भूकहि आतां कांहीं थोडीथोडकी राहिलेली नाहीं.

मग आपल्याला किती वॉटची पेटी लागेल? येथें पहिला हिशेब येतो. समजा, घरांतील मुलानें इंटेलचा कोअर आय-५ १२४०० एफ् हा प्रोसेसर आणि आर. टी. एक्स्. ४०६० हें कार्ड निवडलें आहे. प्रोसेसर ऐन जोरांत असतां त्याची कमाल मर्यादा ११७ वॉट. कार्डाची ११५ वॉट. मदरबोर्ड, स्मृति, तबकड्या, पंखे ह्यांना मिळून साठ वॉट धरले, तर बेरीज २९२ वॉट होते. पेटी नेहमीं कांठोकांठ भरून चालवूं नये, म्हणून ह्यांत निम्मी भर घातली तर ४३८ होतात. ह्या कार्डासाठीं खुद्द एन्व्हिडिया कंपनी सगळा संगणक मिळून ५५० वॉटची शिफारस करते. म्हणजे ४५० ते ५५० वॉटची प्रामाणिक पेटी येथें पुरेशी आहे. पुढें मोठें कार्ड घेण्याचा विचार पक्का असेल, तर ६५० ची घ्यावी. "साडेसातशेंच्या खालीं बघूंच नका," असें सांगणारे मित्र भेटतात. त्यांचें मन चांगलें असतें, पण खर्च आपला असतो.

मीं आतां 'प्रामाणिक' हा शब्द वापरला, आणि आजच्या विषयाचें सार त्या शब्दांत आहे. पेटीवर ठळक अक्षरांत छापलेला वॉटचा आंकडा आणि ती पेटी वस्तुतः देऊं शकते ती शक्ति, ह्या दोन निराळ्या गोष्टी असूं शकतात. त्यांतील अंतर शोधण्याचें साधन त्या पेटीच्याच अंगावर चिकटविलेलें असतें. प्रत्येक पेटीच्या एका बाजूस एक कोष्टक असतें. त्यांत ३.३, ५ आणि १२ व्होल्ट अशीं घरें असून प्रत्येकाखालीं अँपिअर दिलेले असतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हें सूत्र आपण सर्व जण शाळेंत शिकलों आहों. आजच्या संगणकांत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे भोक्ते जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या तारांवरून घेतात. तेव्हां १२ चें घर तेवढें पाहावें.

उदाहरणार्थ, दोन पेट्या समोर आहेत असें समजा. पहिलीवर मोठ्या अक्षरांत ५०० वॉट लिहिलें आहे. पण १२ व्होल्टच्या घरांत १८ अँपिअर आहेत. बारा गुणिले अठरा, दोनशें सोळा. म्हणजे खऱ्या उपयोगाचे वॉट २१६. दुसरीवर नुसतें ४५० लिहिलें आहे, पण १२ व्होल्टखालीं ३६ अँपिअर आहेत. हिचे झाले ४३२. आपल्या वरच्या उदाहरणांत प्रोसेसर आणि कार्ड ह्या दोघांनाच २३२ वॉट लागतात. म्हणजे ५०० ची म्हणविणारी पेटी उपाशी ठेवणार, आणि ४५० ची पोट भरून वर शिल्लक ठेवणार! कांहीं पेट्यांवर १२ व्होल्टचीं दोन घरें असतात. त्यांची नुसती बेरीज करूं नये. दोहोंची मिळून कमाल मर्यादा खालीं निराळी दिलेली असते, ती धरावी. आणि ज्या पेटीवर हें कोष्टकच नाहीं, ती हातांतून खालीं ठेवावी.

कागदावरचें कोष्टक खरें कशावरून, अशी शंका कोणी घेईल, आणि ती रास्त आहे. म्हणून स्वस्त पेटी स्वस्त कां पडते हें समजून घेऊं. पेटी ज्याला स्वस्त विकावयाची आहे तो कारखानदार दिसणाऱ्या जागीं काटछांट करीत नाहीं. तो करतो ती आंत. वीज शिरते त्या दारावरची गाळणी तो अर्धी गाळतो. १०५ अंश उष्णता सोसणाऱ्या कॅपॅसिटरच्या जागीं ८५ अंशांचे बसवितो. तांब्याच्या तारा बारीक करतो. जुन्या पद्धतीच्या मांडणींत ५ आणि १२ व्होल्टचें नियंत्रण एकत्र बांधलेलें असतें. आजच्या संगणकांत सर्व ओढ १२ वर पडते, त्यामुळें १२ खालीं ओढला जातो आणि ५ वर चढतो, जणूं तागडीचीं दोन पारडीं. चांगल्या मांडणींत प्रथम सर्व शक्ति १२ व्होल्टची तयार करून मग तिच्यांतून ५ व ३.३ वेगळे काढतात, ह्यास डी. सी.-टू-डी. सी. म्हणतात. हे शब्द माहितीपत्रकांत आढळले तर ती एक चांगली खूण समजावी.

आणि सर्वांत घातक काटछांट होते ती पहारेकऱ्यांची. चांगल्या पेटींत दाब फार चढला, फार उतरला, प्रवाह वा एकूण भार मर्यादेबाहेर गेला, तारा एकमेकींना चिकटल्या, किंवा पेटी फार तापली, तर पुरवठा तत्काळ बंद करणाऱ्या योजना असतात. इंग्रजी आद्याक्षरांनीं त्या ओ. व्ही. पी., यू. व्ही. पी., ओ. सी. पी., ओ. पी. पी., एस्. सी. पी. आणि ओ. टी. पी. अशा लिहितात. ह्या योजना असल्या तर पेटी मरतांना एकटी मरते. नसल्या तर ती बारा व्होल्टच्या जागीं भलताच दाब सोडून मदरबोर्ड, कार्ड आणि मुलाच्या अभ्यासाचे कागद ज्या तबकडीवर आहेत ती तबकडी, ह्या सर्वांना बरोबर घेऊन जाऊं शकते. तेव्हां हजार दोन हजारांची बचत साठ हजारांच्या वस्तूवर उलटते. पेटीच्या वॉरंटींत पेटी बदलून मिळते. तिनें जाळलेल्या कार्डाची भरपाई सहसा मिळत नाहीं.

आतां पुष्कळ ग्राहक ज्या एका खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवतात तिच्याकडे वळूं. '८० प्लस' नांवाचें एक प्रमाणपत्र आहे. ही योजना अमेरिकेंत २००४ सालीं सुरू झाली. घेतलेल्या विजेपैकीं किती शतांश वीज पेटी संगणकाला पोंचविते आणि किती उष्णतेंत दवडते, ह्याचें तें माप. ११५ व्होल्टवर घेतलेल्या परीक्षेंत निम्म्या भाराला ब्राँझ पेटीनें ८५ टक्के आणि गोल्ड पेटीनें ९० टक्के वीज पोंचविली पाहिजे. हें माप उपयुक्त आहे, कारण इतकी कार्यक्षमता साधण्यासाठीं आंतील भाग बरे वापरावेच लागतात. पण तें फक्त काटकसरीचें माप आहे, आणि परीक्षा साधारण २३ अंश उष्णतेच्या खोलींत घेतली जाते. लहरी किती, पहारेकरी जागे आहेत कीं नाहींत, हें ह्या प्रमाणपत्रांत पाहिलेंच जात नाहीं. विद्यार्थ्याला गणितांत पहिला वर्ग मिळाला म्हणून त्याच्या वर्तणुकीचा दाखला आपण देत नाहीं, तसेंच हें आहे. शिवाय खोटी खूण छापणारेहि असतात. प्रमाणित पेट्यांची यादी ह्या योजनेकडून जाहीर होते, तींत आपल्या पेटीचा नेमका नमुना आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें.

ह्याचें एक ठळक उदाहरण जगजाहीर आहे. गिगाबाइट ही तैवानची नामांकित कंपनी. तिच्या जी. पी.-पी. ७५० जी. एम्. ह्या ७५० वॉटच्या पेटीला '८० प्लस गोल्ड' प्रमाणपत्र होतें. त्या दिवसांत ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता, आणि अमेरिकेंतील न्यूएग ह्या दुकानानें कार्डाबरोबर ही पेटी जोडून विकली. म्हणजे कार्ड हवें असेल त्यानें पेटीहि घ्यावी. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत गेमर्स नेक्सस ह्या परीक्षक मंडळीनें ह्या पेट्यांची परीक्षा जाहीर केली. तींत अनेक पेट्या भार वाढवितांच जळून निकामी झाल्या. त्यानंतर कंपनीनें जाहीर केलें कीं, भार अति झाल्यावर पुरवठा तोडणारी मर्यादा पूर्वीं १२० ते १५० टक्क्यांवर ठेवलेली होती, ती ११० ते १२० टक्क्यांवर आणली आहे. आणि ठराविक क्रमांकांच्या पेट्या बदलून देण्याची तयारीहि दाखविली. नांव मोठें, प्रमाणपत्र गोल्ड, वॉट साडेसातशें; आणि तरी पहारेकरी उशिरां जागा होत होता! तात्पर्य, केवळ कंपनीचें नांव पाहूं नये, नमुना पाहावा. एकाच कंपनीच्या एका मालिकेंतील पेट्या उत्तम आणि दुसऱ्या मालिकेंतील सामान्य असूं शकतात, कारण पुष्कळ कंपन्या त्या स्वतः बनवीत नाहींत. सीसॉनिक, चॅनेल वेल, ग्रेट वॉल असे कारखाने दुसऱ्यांच्या नांवानेंहि माल तयार करतात.

आपल्या देशांतील परिस्थितीचा विचार ह्या बाबतींत वेगळा करावा लागतो. पहिली गोष्ट उन्हाळा. कांहीं पेट्यांची पूर्ण शक्ति ४० अंशांपर्यंतची, तर कांहींची ५० अंशांपर्यंतची सांगितलेली असते. माहितीपत्रकांत हें बारीक अक्षरांत असतें. लंडनमध्यें हा फरक कोणी वाचणार नाहीं. पण नागपूर, अकोला, चंद्रपूर येथें वैशाखांत बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो. बंद खोलींत, कॅबिनेटच्या आंत, कार्डाच्या गरम श्वासांत ही पेटी बसलेली असते. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरविषयीं ठोकताळा असा आहे कीं उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य निम्मे होतें. विदर्भांतील श्रोत्यांनीं म्हणूनच ५० अंशांची पेटी मागावी. आणि कोंकणांतील व मुंबईंतील मंडळींनीं दमट हवेंतील धूळ पंख्यावर सांचूं देऊं नये.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. संगणकाच्या पत्र्याला हात लावतांच बोटांना मुंग्या येतात, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते, आणि दोष एस्. एम्. पी. एस्. ला दिला जातो. खरें पाहतां पेटीच्या दारावरील गाळणीचे दोन लहान कॅपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. त्यांतून झिरपणारी अत्यल्प वीज अर्थिंगच्या तारेवाटे जमिनींत जावयाची असते. भिंतीवरील प्लगाचें तिसरें भोंक नुसतेंच शोभेचें असेल, तर ती पत्र्यावरच उभी राहते. ह्यावर पेटी बदलणें हा उपाय नव्हे. जाणत्या वायरमनकडून घराचें अर्थिंग तपासून घेणें हा उपाय आहे. दोनपिनी प्लग लावून काम भागविणें तर कटाक्षानें टाळावें. मुलें अनवाणी असतात, हात ओले असतात. येथें प्रश्न संगणकाचा राहत नाहीं.

तिसरी गोष्ट यू. पी. एस्. ची. आपल्याकडे संगणकाबरोबर ६०० व्ही. ए. चा यू. पी. एस्. घेण्याची प्रथा आहे. ६०० व्ही. ए. म्हणजे ६०० वॉट नव्हे. अशा यंत्राची खरी क्षमता बहुधा ३६० वॉट असते. आतां पाहा : संगणकाला ३०० वॉट लागले आणि पेटीची कार्यक्षमता ८५ टक्के असली, तर भिंतींतून सुमारें ३५३ वॉट ओढले जातात, वर पडद्याची भर. म्हणजे खेळ चालू असतां वीज गेली कीं यू. पी. एस्. धापा टाकूं लागणार. शिवाय स्वस्त यू. पी. एस्. बॅटरीवर असतां विजेची लहर गुळगुळीत न देतां पायऱ्यापायऱ्यांची देतात, ती कांहीं आधुनिक पेट्यांना मानवत नाहीं आणि संगणक एकदम बंद पडतो. खरेदीच्या वेळींच दोहोंची जोडी लावून, मुख्य वीज काढून दुकानांत प्रयोग करून पाहिला, तर पुढचा मनस्ताप वांचतो.

आतां पैशाचें बोलूं. आजच्या आपल्या विषयांत 'स्वस्त' हा शब्द आहे, आणि मध्यम वर्गाच्या घरीं तो महत्त्वाचा आहे. गोल्ड पेटी घ्यावी कीं ब्राँझ? हिशेब करूं. ३०० वॉटच्या भाराला ८५ टक्क्यांची पेटी ३५३ वॉट ओढते, ९० टक्क्यांची ३३३. फरक २० वॉटचा. रोज चार तास खेळ चालला तर वर्षाला सुमारें २९ युनिटें वांचतात. युनिटला दहा रुपये धरले तरी वर्षाला २९० रुपये. गोल्डसाठीं दीड हजार अधिक मोजले, तर ते वसूल व्हावयास पांच वर्षें लागणार. आणि चार तास रोज खेळणाऱ्या मुलाच्या परीक्षेचें काय होईल तो हिशेब निराळाच! म्हणून माझें मत असें कीं, पैसे मोजके असतील तर ५५० वॉटच्या आंतील ब्राँझ दर्जाची, १२ व्होल्टवर भरपूर अँपिअर असलेली, पहारेकऱ्यांची यादी स्पष्ट छापलेली आणि निदान तीन ते पांच वर्षांची वॉरंटी असलेली पेटी घ्यावी. वॉरंटीच्या वर्षांचा आंकडा बोलका असतो. कारखानदाराला स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे तें तो सांगतो. सुट्या होणाऱ्या तारा, रंगीत दिवे, चकचकीत लेप ह्यांसाठीं अधिक दाम देण्याचें कारण नाहीं. आणि सुट्या तारांची पेटी घेतलीच, तर एका पेटीच्या तारा दुसऱ्या पेटीला कधींहि लावूं नयेत. टोंकें सारखीं दिसतात, पण आंतील क्रम निराळा असूं शकतो, आणि तेवढ्यानें तबकडी क्षणांत जळते.

कॅबिनेटबरोबर 'फुकट' येणाऱ्या पेटीपासून मात्र जपावें. कार्यालयांतील टंकलेखनाच्या संगणकाला ती कदाचित् पुरेल; ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला नव्हे. तसेंच वय ठाऊक नसलेली जुनी पेटीहि घेऊं नये. प्रोसेसर जुना घेतला तर चालतो, कारण त्याला झीज जवळजवळ नाहीं. पेटींतील कॅपॅसिटर आणि पंखा मात्र दिवसेंदिवस झिजत असतात.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत आपण उभे आहांत असें समजा. दुकानदार पेटी पुढें सरकवून म्हणतो, "काका, पांचशें वॉटचा आहे, बिनधास्त न्या. कंप्लेंट येत नाहीं." त्याच्याशीं वाद घालूं नये. शांतपणें म्हणावें, "बारा व्होल्टवर किती अँपिअर आहेत तें जरा दाखवा बरें." पुढें विचारावें, "नेमका नमुना कोणता? वॉरंटी किती वर्षांची, आणि बदलून कोण देणार, तुम्ही कीं कंपनी?" ह्या तीन प्रश्नांनंतर बहुतेक दुकानदार पहिली पेटी आपण होऊन मागें घेतात आणि फळीवरून दुसरी काढतात. वाईट माल कोणीहि पुढें करतो तो न विचारणाऱ्यापुढें. पसंत पडलेल्या नमुन्याचें नांव लिहून घेऊन घरीं यावें. भार लावून, लहरी मोजून केलेली स्वतंत्र परीक्षा त्या नमुन्याची झाली आहे कां तें पाहावें. आणि मगच दुसऱ्या दिवशीं पैसे द्यावे. बिलावर नमुना आणि क्रमांक लिहून घेण्यास विसरूं नये.

संगणक घरीं आल्यावरहि थोडी नजर ठेवावी. साधें काम नीट चालतें, पण भारी खेळ सुरू होतांच संगणक एकाएकीं बंद होतो किंवा पुनः सुरू होतो, असें वारंवार घडूं लागलें तर इतर भागांबरोबर ह्या पेटीचाहि संशय घ्यावा. जळका वास आला तर वाट पाहूं नये; भिंतीवरचें बटण बंद करावें. मात्र पेटीचे स्क्रू काढून आंत डोकावण्याचा मोह कोणीहि धरूं नये. प्लग काढल्यावरहि आंतील मोठ्या कॅपॅसिटरमध्यें प्राणघातक दाब कांहीं काळ सांठून राहतो. धूळ झटकावयाची ती बाहेरून, पंख्याच्या जाळींतून.

श्रोतेहो, हा संगणक बहुतेक घरांत सहज येत नाहीं. कोठें वडिलांच्या बोनसांतून येतो, कोठें आजीच्या ठेवींतून, तर कोठें मुलानें सुट्टींत शिकवण्या करून जमविलेल्या पैशांतून. त्यावर तो खेळतो हें खरें. पण त्यावरच तो चित्रें काढतो, कार्यक्रम लिहावयास शिकतो, आणि पुष्कळदा त्यावरच पुढें पोट भरतो. यादी करतांना पैसे कमी पडले, आणि ते नेहमींच कमी पडतात, तर दिवे कमी करा, कॅबिनेट साधें घ्या, कार्ड एक पायरी खालचें घ्या. तें पुढें बदलतां येईल. वीजपेटीच्या ओळींतून मात्र कांहीं कापूं नका. आणि ती ओळ दुकानदाराच्या हातून भरूं देऊं नका. मुलाला जवळ बसवून, कोष्टकांतील १२ व्होल्टचा गुणाकार त्याच्याकडूनच करवून घ्या. मला वाटतें, तो तें गणित आनंदानें करील. मला दिलेली वेळ संपली.